रखमाजीच्या गाडीतला तितर

रखमाजी ड्रायव्हरच्या लॉरीतून प्रवास केलेला माणूस खाली उतरला की आधी तितराबद्दल बोलायचा, मग रस्त्याबद्दल, आणि रखमाजीबद्दल सगळ्यात शेवटी. तेही कुणी विचारलं तर. पहिल्या प्रवासानंतर मीही तेच केलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आज एका तितराबरोबर आलो नगरहून." लॉरी चालवत कोण होतं, असं तिनं विचारलं तेव्हा मला त्याचा चेहरा धड आठवेना. आठवत होती ती त्याची मान. दर दोन मिनिटांनी ती डावीकडे वळायची, पिंजऱ्याकडे बघायची आणि पुन्हा रस्त्याकडे यायची.

लढाईची वर्षं होती. मी जामखेडच्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर होतो आणि महिन्यातून एकदा औषधांच्या पेट्या आणायला मला नगरला जावं लागे. पेट्रोल रेशनवर गेलं होतं. सर्व्हिस मोटारी एकेक करून बंद पडल्या होत्या. रस्त्यावर धावत होत्या त्या कोळशाच्या गाड्या. केबिनच्या पाठीमागे लोखंडाची एक उभी टाकी बसवलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. न्हाणीतल्या पाणी तापवायच्या बंबासारखी ती दिसे, म्हणून तिला सगळे बंबच म्हणत. बंब पेटून गाडी सुरू व्हायला अर्धा तास जाई. चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचं, आणि वर पोचल्यावर गाडीची वाट बघत बसायचं. नगर ते जामखेड या रस्त्याला सबंध दिवस लागे.

रखमाजी मूळचा काष्टीचा. बार्शीहून भुईमूग आणि गूळ भरायचा, जामखेडवरून नगर, तिथून पुढे मनमाडचं रेल्वे स्टेशन, आणि परत, अशी त्याची आठ-आठ, दहा-दहा दिवसांची फेरी असे. चाळिशीचा, उंच, किडकिडीत माणूस. नखं कोळशानं कायमची काळी झालेली. आवाज मात्र अगदी हलका. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा बोलायचा. एक वाक्य त्याच्या तोंडात सारखं असायचं : "समदं ठीक हाय न्हवं?" हे तो टायरला लाथ मारून टायरला विचारी, बंबाचं झाकण दाबून बंबाला विचारी, उतारूला विचारी. उतारू "हो" म्हणाला तरी त्याचं समाधान होत नसे. तो त्याच्या तोंडाकडे पाहत राही. आपल्याला बरं नाहीसं वाटू लागे.

तितराचं नाव बुवा. पहाटे खाकरून घसा मोकळा करतो आणि मग सूर लावतो, म्हणून बुवा. वेताचा गोल पिंजरा ड्रायव्हर आणि उतारू यांच्या मधोमध छताच्या आकड्याला टांगलेला असे, आणि धक्के बसू नयेत म्हणून खालून एका फडक्यानं ताणून बांधलेला. केबिनमध्ये विडी ओढायला बंदी होती. गाडी कुठंही थांबली, की रखमाजी आधी पिंजरा काढून बाहेर सावलीत ठेवायचा, वाटीतलं पाणी बदलायचा, आणि मगच इंजिनाकडे वळायचा. वारूळ दिसलं की गाडी थांबवून मुंग्यांची अंडी उकरून आणायचा. उतारू कुरकुरत. तो त्यांना काही बोलत नसे, काम उरकून वर चढे आणि विचारी, "समदं ठीक हाय न्हवं?"

त्या रस्त्यावर मध्ये निजामाची हद्द लागे. हद्दीवर मालाची तपासणी करणारा नाका होता. तिथले एक म्हातारे नाकेदार गाडीतला माल बघायच्या आधी पिंजऱ्यापाशी येऊन उभे राहत. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं म्हणे, "ये क्या माल है?" रखमाजीनं घाबरून सांगितलं, "माल न्हाई साहेब, घरचं मानूस हाय." नाकेदारांनी यादीवरून नजर काढली, त्याच्याकडे पाहिलं, आणि घरच्या माणसावर जकात नसते असं सांगून त्याला सोडून दिलं. पुढं ते बुवासाठी मूठभर बाजरी काढून ठेवू लागले. तरीही दर खेपेला नाका जवळ आला की रखमाजीच्या कपाळावर घाम यायचा. नवा माणूस बदलून आला असला तर, एवढीच त्याला धास्ती.

त्या तितरात त्याचा एवढा जीव का, हे मला तिसऱ्या की चौथ्या खेपेला कळलं. बंब विझला होता, आणि तो पुन्हा पेटेपर्यंत आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो. मी सहज विचारलं, "रखमाजी, घरी कोण असतं?"

"घर हितंच हाय," तो म्हणाला आणि सीटखालची पत्र्याची पेटी दाखवली. मग कोळशाला वारा घालत राहिला. "सखू हुती, माजी कारभारीन. मी मनमाडला गेल्तो. जाताना म्हनली, येताना कांदं आना. आठ दिसांनी कांदं घिऊन आलो, तर दाराला भाएरनं कडी. शेजाऱ्यांनी सांगितलं, तीन दिस झालं. पटकीची साथ आल्ती."

 पटकी म्हणजे कॉलरा काय करतो, हे मी दवाखान्यात बघितलं होतं.

"आत गेलो तर ह्यो पिंजऱ्यात. कुनाच्या ध्येनातच आला न्हाई. वाटीत पान्याचा टिपूस न्हाई. चोच उघडी टाकून बसल्याला. तिनं एवढासा हुता तवापासून वाढवल्याला." त्यानं मूठ मिटून दाखवली. "तवाच ठरिवलं. मागं कायबी ठिवायचं न्हाई. मागं ठिवलं की माझ्या हातनं जातंय."

शेतीचा तुकडा त्यानं भावाला करायला दिला होता, आणि शेळी मेहुणीला. काष्टीला मागं राहिलेलं त्याचं असं काही नव्हतं. जे होतं ते आकड्याला टांगून तो सगळीकडे बरोबर नेत होता.

आता जे सांगायचं आहे त्यात चूक माझी होती.

एकदा हिवाळ्यात आम्ही नगरहून परत येत होतो. थंडी होती म्हणून दोन्ही दारं लावलेली, काचा वर केलेल्या. आष्टीच्या अलीकडे माझं डोकं जड झालं. पिंजऱ्याकडे पाहिलं तर बुवा पिसं फुगवून, डोळे मिटून डुलत होता. मी म्हणालो, "गाडी थांबवा. पिंजरा बाहेर काढा आधी."

बाहेर वाऱ्यावर ठेवल्यावर थोड्या वेळानं बुवानं अंग झटकलं, डोळे उघडले. रखमाजीनं वाटीतलं पाणी बदललं. आणि मला, ठाऊक असलेलं सांगायची हौस आली. म्हणालो, "बंबातला गॅस केबिनमध्ये येतोय. विषारी असतो तो. त्याला वास नसतो, माणसाला गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. विलायतेत कोळशाच्या खाणीत उतरताना मजूर मुद्दाम पाखरू बरोबर नेतात. पाखराचा जीव लहान, आधी ते पडतं. ते पडलं की माणसं बाहेर पळतात. तुमचा बुवा नकळत तेच काम करतोय."

मला वाटलं, त्याला अभिमान वाटेल. तो होता तिथेच रस्त्याच्या कडेला बसला.

"म्हंजी माज्या आधी मरायला मी त्येला जवळ बशिवलाय व्हय?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मी उठून बंबाचं झाकण दाबून बघू लागलो.

पुढच्या महिन्यात पाहिलं तर त्याच्या गाडीची दोन्ही दारं काढून टाकलेली. दारांच्या जागी तरटाचे पडदे होते, तेही गुंडाळून वर बांधलेले. थंडीत तो घोंगडी पांघरून गाडी चालवायचा आणि पिंजऱ्याला तीन बाजूंनी जुन्या लुगड्याची दुपदरी खोळ शिवून घातली होती. पूर्वी दोन मिनिटांनी वळणारी मान आता सारखीच वळू लागली. बुवानं डोळा मिटला तरी गाडी थांबे. त्याला घरी ठेवावं तर मागं ठेवलेलं जातं, आणि बरोबर न्यावं तर शेजारी बंब. आधी निदान एकच भीती होती. दुसरी मी दिली होती.

वर आणखी एक झालं. खाणीतल्या पाखरांची गोष्ट मी नगरच्या लॉरीतळावर चार लोकांत सांगितली होती. ती रखमाजीच्या लॉरीमालकांच्या कानावर गेली आणि त्यांनी आपल्या बाकीच्या दोन गाड्यांत एकेक पाखरू टांगायला लावलं. त्यातली एक मुनिया महिन्याच्या आतच मेली. ड्रायव्हर वाचला, म्हणून मालकांनी दुसरी मुनिया आणून दिली. हे कळलं त्या दिवशी रखमाजी जामखेडला दवाखान्याच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. रागावलेला असा मी त्याला तेव्हाच काय तो पाहिला. आवाज तेव्हाही हलकाच होता.

"कंपौंडरसाहेब, तुमी कशापायी सांगितलं त्यान्ला?"

"माणसाचा जीव वाचला ना, रखमाजी?"

"वाचला. पर दारं काडली असती तरीबी वाचला असता. दारं काडा म्हून न्हाई सांगितलं तुमी. पाखरू टांगा म्हून सांगितलं."

एवढं बोलून तो गेला. मी त्या दिवशी मिक्स्चरच्या बाटल्या भरताना दोनदा चुकलो.

त्याच उन्हाळ्यात जामखेडला पटकी आली. विहिरी तळाला गेल्या होत्या. पहिल्या दोन दिवसांतच दवाखान्याच्या पडवीत खाटा पुरेनात. लस संपली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉक्टरांनी मला सांगितलं, आजच्या आज नगर गाठा, उद्या माघारी या. गावात त्या दिवशी एकच गाडी होती, रखमाजीची.

तो लगेच तयार झाला. पण बंबाच्या झाकणाची कडा झिजली होती, गॅस पूर्वीपेक्षा जास्त सुटत होता. नवं झाकण मनमाडशिवाय मिळणार नव्हतं. त्यानं पिंजरा आकड्यावरून काढला, हातात धरून उभा राहिला, पुन्हा आकड्याला लावला, पुन्हा काढला.

"ह्या डावाला बुवाला न्याचं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पर ठिवू कुठं? गावात पटकी."

मी त्याला समजावलं की पटकी पाखरांना होत नाही. त्याचा विश्वास बसला नाही. तेव्हा माझी बायको पुढं झाली. "रखमाजीभाऊ, माझ्याजवळ द्या. माझ्या हातानं पाणी पाजीन."

"पानी उकळून द्याल, वैनी?"

"आम्ही पितो तेच. उकळून, गार करून."

त्यानं पिंजरा दिला, पण वरच्या कडीवरून हात काढायला त्याला वेळ लागला. बायको तशीच धरून थांबली.

जाताना काही झालं नाही. नगरला लस मिळाली, सलाइनच्या दोन पेट्या मिळाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. लसीची पेटी मी मांडीवर घेतली होती.  रखमाजीची मान वाटेत वळतच होती. रिकाम्या आकड्याकडे बघायची आणि परत यायची.

दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा आडव्या येत होत्या, केबिनमध्ये घुसत होत्या. मला बाटल्यांची काळजी. मी म्हणालो, "पडदे सोडा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, "बाटल्या फुटल्या तर गावात काय तोंड दाखवू?" त्यानं दोन्ही पडदे सोडून घट्ट बांधले. मैलभर पुढं ओढा होता. तो दुथडी भरून आला होता. पाणी उतरेपर्यंत थांबणं भाग होतं, आणि इंजिन बंद केलं तर बंब विझून पुन्हा अर्धा तास जाणार. म्हणून इंजिन चालूच ठेवून आम्ही बसलो. गाडी थांबली की एरवी रखमाजी पिंजरा घेऊन खाली उतरायचा. त्या दिवशी उतरायला त्याला कारण नव्हतं.

पुढचं मला नीट आठवत नाही. पत्र्यावर गारांचा आवाज होता, आणि तो हळूहळू लांब जात होता. मला बरं वाटत होतं. काळजी पार निघून गेली होती. त्या सगळ्या वर्षांत एवढं निवांत मला कधी वाटलं नसेल.

शुद्धीवर आलो तेव्हा मी चिखलात आडवा होतो आणि पाऊस तोंडावर पडत होता. शेजारी रखमाजी हातापायांवर ओणवा होऊन ओकत होता. आम्ही दोघंही कितीतरी वेळ उठू शकलो नाही.

काय झालं ते त्यानं मागाहून सांगितलं. त्यालाही गुंगी आली होती. त्या गुंगीत त्याला वाटलं, गाडी थांबलीये, बुवाला पाणी द्यायला पाहिजे. त्यानं आकड्याकडे हात केला. पिंजरा लागेना. धक्क्यानं पिंजरा बाहेर पडला असं वाटून त्यानं पडदा ओरबाडून काढला आणि खाली झोकून दिलं. बुवा बायकोजवळ आहे हे त्याला आठवतच नव्हतं. तो चिखलात, गारांत, चाकांखाली हात घालून पिंजरा शोधत होता. मोकळ्या वाऱ्यात जरा भान आलं तेव्हा त्याला कळलं की पिंजरा नाही, पण वर मी आहे. माझा सदरा धरून त्यानं मला ओढून काढलं. पायांत बळ नव्हतं, म्हणून दोघंही एकदमच पडलो.

बाटल्या शाबूत होत्या. ओढा उतरल्यावर पडदे कापून टाकून, भिजत, कुडकुडत आम्ही जामखेडला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. पेट्या दवाखान्यात उतरवल्या. मी म्हणालो, "चला घरी, बुवा वाट बघत असेल." घर शंभर पावलांवर होतं. रखमाजी अंगणापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"आतनं आवाज न्हाई," तो म्हणाला.

"पाऊस पडून गेलाय. झोपला असेल."

"तुमी बघा. मी हितंच हाय."

मी हाक मारायच्या आतच बायको दारात आली. तिच्या हातात पिंजरा होता आणि पिंजऱ्यावर तिची शाल. "दुपारी गारांना फार घाबरला हो," ती म्हणाली. "धडका घ्यायला लागला. तेव्हापासून मांडीवरच घेऊन बसले होते. स्वयंपाकही व्हायचाय."

तिनं शाल बाजूला केली. बुवानं दिव्याकडे बघून मान वाकडी केली. रखमाजी पायरीवर बसला. पिंजरा घेतला नाही. आधी वाटीतलं पाणी बघितलं, मग बोट आत घालून बुवाच्या पाठीवर ठेवलं. तसाच तो वर बघून म्हणाला, "आन् तुमी वैनी? तुमचं ठीक हाय न्हवं?" बायको "हो" म्हणाली. त्या वेळी त्यानं तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं नाही. मान हलवली, बस.

गावात काही माणसं गेलीच. पण लस टोचल्यावर साथ ओसरली. रखमाजी आठवडाभर गाडी घेऊन बाहेर गेला नाही. मनमाडहून झाकण येईपर्यंत मालकांना काय वाटेल ते वाटो, असं त्यानं कळवून टाकलं.

लढाई संपली, पेट्रोल आलं, बंब भंगारात गेले. माझी बदली श्रीगोंद्याला झाली. एकदा बाजाराच्या दिवशी लस टोचायला काष्टीला गेलो होतो. बाजाराच्या कडेला एक लॉरी उभी होती आणि तिच्या पायरीवर रखमाजी बसला होता. केस पिकले होते. मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं, "बुवा ग्येला. म्हातारा झाल्ता. माज्या मांडीवर ग्येला. गाडी बंद हुती." आणि पुन्हा म्हणाला, "गाडी बंद हुती, साहेब."

केबिनमध्ये एक बाई बसली होती. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, पाट लावला होता. सरूबाई तिचं नाव, गावातलीच विधवा. मी दवाखान्यातला आहे हे कळताच ती खाली उतरली आणि त्याच्यादेखतच मला म्हणाली, "तुमी तरी ह्यान्ला सांगा. मनमाडपतोर मला संगं न्हेत्यात. गाडीत पोटात पानी टिकत न्हाई माज्या. घरी कोंबड्या, शेळ्या शेजारनीच्या जिवावर. समदा गाव हसतोय."

"हसू दे," रखमाजी म्हणाला.

तिचा चेहरा उतरलेला होता, डोळे खोल गेले होते. मी चार प्रश्न विचारले. तिला तिसरा महिना होता आणि हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर डोळ्यांआड होऊ देणार नाही, या भीतीनं. ते मलाच सांगावं लागलं. शिवाय हेही सांगावं लागलं की या रस्त्यांवर, या धक्क्यांत, तिला आता एक दिवसही नेता कामा नये.

तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याची मान सारखी सरूबाईकडे वळत होती.

"मागं ठिवू म्हंता?"

"हो. घरी."

"तुमी हितं येता?"

"दर बाजाराला. घरी जाऊन बघून येईन."

"पानी उकळून प्यायला सांगाल?"

"आत्ताच सांगतो."

सरूबाईनं आपलं गाठोडं केबिनमधून काढलं. "आठ दिसांचं तर हाय," ती त्याला म्हणाली, आणि तिची पावलं गावाकडं वळली. तो गाडीत चढला, इंजिन सुरू केलं आणि तसाच बसून राहिला. ती निवडुंगाच्या कुंपणामागं दिसेनाशी झाली तेव्हा गाडी हलली. शंभर-दीडशे पावलांवर जाऊन थांबली. तो खाली उतरला, रस्त्यात उभा राहून गावाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा परत फिरणार. बाजारातले दोघे-तिघे बघून हसले. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग तो वर चढला. गाडी नगरच्या वाटेला लागली. मी धूळ खाली बसेपर्यंत उभा होतो. ती पुन्हा थांबली नाही.